प्रखर ऊन आणि नेत्ररक्षण : गॉगल कसा निवडावा?

रोगांच्या तीन मूलभूत कारणांमध्ये चरकाचार्यांनी असात्म्येंद्रियार्थसंयोगाची गणना केली आहे. नेत्राच्या बाबतीत अतिशय तेजस्वी वस्तू फार काळ पाहणे हा अतियोग, मुळीच न पाहणे हा अयोग, आणि अगदी जवळचे, फार दूरचे किंवा भयानक व बीभत्स पाहणे हा मिथ्यायोग, हे सूत्रस्थानातील विवेचन आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत मुखोद्गत केलेले असते. परंतु चैत्र-वैशाखात एखादा शेतकरी चिकित्सालयात येऊन ‘‘वैद्यबुवा, उन्हात डोळे दिपतात, पाणी येते, कसला गॉगल घेऊ?’’ असे विचारतो, तेव्हा आपले उत्तर बहुधा ‘‘चांगल्या दुकानातून घ्या’’ याच्या पुढे जात नाही. इकडे आपल्याच औषधालयांच्या दर्शनी भागात त्रिफळा चूर्ण आणि गुलाबजलाच्या शेजारी गॉगलचे फिरते स्टँड उभे असते. त्यावरील मालाविषयी ग्राहकाने प्रश्न केला, तर विक्रेत्याला किंमत आणि रंग यांखेरीज काही सांगता येत नाही. म्हणून या विषयाचा थोडा सविस्तर विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. उन्हात डोळ्यावर जे येऊन आदळते ते एकजिनसी नसते. त्यात दृश्य प्रकाशाचा झगमगाट असतो, डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण असतात, आणि पाणी, रस्ता, वाळू किंवा मोटारीची काच यांवरून परावर्तित होऊन येणारी चकाकी असते. झगमगाटावर उपाय काचेच्या रंगछटेचा, अतिनील किरणांवर उपाय त्यांना अडविणाऱ्या द्रव्याचा किंवा लेपाचा, आणि चकाकीवर उपाय ध्रुवित अर्थात पोलराइज्ड काचेचा. हे तिन्ही उपाय एकाच चष्म्यात असू शकतात, तसेच तिन्हींपैकी एकच असू शकतो. गॉगलच्या निवडीतील बहुतेक गोंधळ हे तीन वेगळे न ओळखल्यामुळे होतो. ‘काच जितकी काळी तितके रक्षण अधिक’ हा समज त्यांतील सर्वांत रूढ आणि सर्वांत घातक होय.

दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारणपणे ४०० नॅनोमीटरपासून पुढे सुरू होते. त्याखाली ३१५ ते ४०० हा ‘अ’ वर्गाच्या, २८० ते ३१५ हा ‘ब’ वर्गाच्या अतिनील किरणांचा पट्टा आहे. त्याहूनही आखूड तरंगलांबीचे ‘क’ वर्गाचे किरण वातावरणातच शोषले जातात, ते आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत. ‘ब’ वर्गाचे किरण मुख्यत्वे डोळ्याच्या दर्शनी पारदर्शक पटलात शोषले जातात, तर ‘अ’ वर्गाचे किरण अधिक आत, दृष्टिमंडलातील भिंगापर्यंत जातात. चष्म्यावर ‘यूव्ही ४००’ असे लिहिलेले असते त्याचा अर्थ ४०० नॅनोमीटरपर्यंतचे हे सर्व किरण अडविले जातात, असा विक्रेत्याचा दावा आहे. हे काम करणारे द्रव्य रंगहीन असू शकते. म्हणजेच पूर्णपणे पारदर्शक, पांढऱ्या काचेचा चष्मादेखील अतिनील किरण संपूर्ण अडवू शकतो, आणि गडद काळी काच ते आत सोडू शकते. हे दुसरे अधिक वाईट. काळ्या काचेमागे डोळ्याची बाहुली विस्फारते, मनुष्य डोळे न मिचकावता, न आकसता निर्धास्तपणे पाहत राहतो, आणि न अडलेल्या किरणांना मोकळे दार मिळते. उघड्या डोळ्यांनी उन्हात चालणारा निदान डोळे किलकिले तरी करतो.

हे रक्षण कशासाठी, याचा एक चांगला पुरावा १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून मिळाला. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात चेसापीक उपसागरावर आयुष्य काढलेल्या ८३८ मच्छीमारांच्या डोळ्यांची तपासणी करून, प्रत्येकाने आयुष्यभरात किती ‘ब’ वर्गाचे किरण डोळ्यावर घेतले असतील याचा हिशेब मांडण्यात आला. भिंगाच्या बाह्यस्तरातील मोतीबिंदूचे प्रमाण या हिशेबाबरोबर वाढत गेलेले दिसले, मात्र भिंगाच्या गाभ्यातील मोतीबिंदूशी तसा संबंध आढळला नाही. ही मर्यादा मुद्दाम नमूद करतो. ‘गॉगल लावा, मोतीबिंदू होणार नाही’ अशी जाहिरात कोणी केली तर ती खरी मानू नये. लिंगनाशाची कारणे अनेक आहेत, त्यांतील एकाला आवर घालता येतो, इतकेच.

सुश्रुतांनी शुक्लगत रोगांत वर्णिलेल्या अर्माची गोष्ट आपल्या किनारपट्टीवरील वैद्यांना अधिक परिचयाची असेल. नाकाच्या बाजूकडून कृष्णमंडलावर सरकणारा तो मांसल पडदा कोळी, शेतमजूर आणि मिठागरांवरील कामगार यांच्यात वारंवार दिसतो. तो नाकाच्याच बाजूने का, याचे एक मोठे मार्मिक स्पष्टीकरण दिले जाते. कानशिलाच्या बाजूने तिरपा येणारा प्रकाश कृष्णमंडलाच्या वक्र पृष्ठातून वळतो आणि नेमका नाकाकडील काठावर एकवटतो. आता, समोरची काच कितीही उत्तम असली तरी कडा उघड्या असल्या तर हाच तिरपा प्रकाश आत येतो. म्हणून उरण-भाईंदरच्या किंवा गोव्यातील अगरवाड्याच्या मिठागरात उभे राहणाऱ्या माणसाला लहान गोल काचांचा फॅशनेबल गॉगल निरुपयोगी आहे. त्याला कानशिलापर्यंत वळलेली चौकट हवी आणि सोबत रुंद काठाची टोपी हवी. अशी टोपी डोळ्यावर येणारे अतिनील किरण जवळपास निम्म्याने कमी करते. दिनचर्येत छत्र आणि उष्णीष यांचा उपदेश करणाऱ्या आचार्यांचे येथे स्मरण होते.

काचेची छटा किती गडद असावी यासाठी आयएसओ १२३१२-१ या आंतरराष्ट्रीय मानकात ० ते ४ असे वर्ग केलेले आहेत. वर्ग २ मधील काच १८ ते ४३ टक्के दृश्य प्रकाश आत सोडते, वर्ग ३ मधील ८ ते १८ टक्के, आणि वर्ग ४ मधील अवघा ३ ते ८ टक्के. आपल्याकडील उन्हाळ्यातील शेतकाम, समुद्रकिनारा, दुचाकीचा दिवसाचा प्रवास यांस वर्ग ३ पुरेसा होतो. वर्ग ४ हिमनद्या व उंच बर्फाळ प्रदेशांसाठी आहे आणि तो लावून वाहन चालवू नये, कारण सावलीतला खड्डा किंवा रस्ता ओलांडणारे मूल त्यातून वेळेवर दिसत नाही. रंग राखी असेल तर इतर रंग जसेच्या तसे दिसतात, भुऱ्या काचेने रेखीवपणा किंचित वाढतो. हिरवट छटाही चालते. निळ्या, गुलाबी, जांभळ्या काचा ही हौस आहे. रात्री वाहन चालविताना समोरच्या दिव्यांचा त्रास होतो म्हणून पिवळ्या काचेचे चष्मे विकले जातात, त्यांविषयी आमचे मत स्पष्ट आहे : अंधारात मुळातच कमी असलेला प्रकाश आणखी कमी करणारी कोणतीही काच रस्त्यावर नको.

पोलराइज्ड काचेविषयी ग्राहकांत सर्वाधिक कुतूहल असते. पाण्याच्या सपाट पृष्ठावरून परावर्तित झालेला प्रकाश बहुतांशी आडव्या पातळीत कंप पावतो, ही गोष्ट १८०८ मध्ये मालूस या फ्रेंच शास्त्रज्ञाने लावलेल्या शोधातून पुढे आली. पोलराइज्ड काच नेमका हाच आडवा प्रकाश गाळते. सूर्य क्षितिजापासून सुमारे ३७ अंशांवर असताना पाण्यावरील चकाकी जवळजवळ पूर्णपणे ध्रुवित असते. म्हणजे सकाळी कामाला निघताना आणि दुपार कलल्यावर अशा काचेचा फायदा सर्वांत अधिक जाणवतो. होडीवरील माणसाला तिच्यामुळे पाण्याखालचेही दिसू लागते. परंतु पोलराइज्ड असणे आणि अतिनील किरण अडविणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि ‘पोलराइज्ड आहे’ या एका शब्दावर विसंबून चष्मा देऊ नये. दुचाकीस्वारांनी एक भान ठेवावे : रस्त्यावर सांडलेले तेल किंवा पाणी आपण त्याच्या चकाकीवरून ओळखतो, तीच या काचेने नाहीशी होते. काही मोबाइलचे आणि पेट्रोल पंपावरील आकड्यांचे पडदेही त्यातून काळे दिसतात, त्याचे भय बाळगण्याचे कारण नाही.

बाकुची घेणारा रुग्ण

आता ज्या विषयासाठी हा लेख मुख्यत्वे लिहावासा वाटला त्याकडे वळतो. श्वित्राच्या रुग्णाला बाकुची देणे आणि नंतर सूर्यप्रकाश घेण्यास सांगणे ही आपल्या व्यवहारातील नित्याची गोष्ट आहे. श्वित्रचिकित्सेत औषधपानानंतर रुग्णाच्या बलानुसार आतपसेवन चरकांनीही सांगितले आहे. बाकुचीच्या बीजांत सोरालेन व आयसोसोरालेन ही द्रव्ये असतात, आणि ‘अ’ वर्गाच्या किरणांशी त्यांचा संयोग झाला की ती त्वचेत कार्य करतात, हे आता सर्वज्ञात आहे. याच तत्त्वावर आधुनिक त्वचारोगशास्त्रातील ‘पूवा’ ही पद्धती १९७४ पासून प्रचारात आली.

मात्र पोटात गेलेले सोरालेन केवळ त्वचेत जात नाही. ते डोळ्याच्या भिंगातही पोहोचते. त्या वेळी ‘अ’ वर्गाचे किरण तेथे पोहोचले तर ते भिंगातील प्रथिनांशी कायमचे जोडले जाऊ शकते. त्वचेच्या पेशी झडतात, नवीन येतात. भिंगाच्या पेशी आयुष्यभर तेथेच राहतात. म्हणून ‘पूवा’ घेणाऱ्या रुग्णाला औषध घेतल्यापासून पुढील २४ तास अतिनील किरण पूर्णपणे अडविणारा, कडा झाकणारा चष्मा दिवसाउजेडी वापरण्यास सांगितले जाते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन भिंग काढलेल्या आणि कृत्रिम भिंग न बसविलेल्या रुग्णाला तर असे औषध देतच नाहीत, कारण त्याच्या दृष्टिपटलासमोर किरण अडविणारे काहीच उरलेले नसते. बारा वर्षांखालील मुलांना तोंडाने सोरालेन देणेही सामान्यतः टाळले जाते.

बाकुचीच्या चूर्णात, वटीत किंवा घृतात सोरालेन नेमके किती, हे बीज, शोधन आणि कल्प यांनुसार बदलते. आधुनिक गोळीइतकी मात्रा प्रत्येक वेळी पोटात जाते असे आम्ही म्हणत नाही. परंतु मात्रा निश्चित नाही, हे दक्षता सोडून देण्याचे कारण होऊ शकत नाही. उलट तेच दक्षता घेण्याचे कारण आहे. तेव्हा आभ्यंतर बाकुचीची चिठ्ठी लिहिताना चष्म्याची सूचना त्याच चिठ्ठीवर लिहावी. औषध घेतल्यापासून चोवीस तासांत जेवढा दिवसाचा उजेड येईल तेवढा वेळ यूव्ही ४०० चष्मा लावावा. रोज औषध चालू असेल तर याचा अर्थ रोज, सकाळपासून सूर्यास्तापर्यंत. आतपसेवनाच्या वेळी डोळे मिटून वर चष्मा असावा. घरात खिडकीशी बसतानाही तो काढू नये, कारण खिडकीच्या साध्या काचेतून ‘अ’ वर्गाचे किरण मोठ्या प्रमाणात आत येतात. एस.टी.त खिडकीशी बसलेला रुग्ण ‘‘उन्हात गेलोच नाही’’ असे प्रामाणिकपणे सांगतो, ते या दृष्टीने खरे नसते.

येथे काळ्या काचेविषयीचा समज प्रत्यक्ष नुकसान करतो. श्वित्र झालेली तरुण मुलगी आधीच लोकांच्या नजरांनी त्रासलेली असते. महाविद्यालयाच्या वर्गात काळा गॉगल लावून बसण्यास ती तयार होणार नाही, आणि वैद्याने आग्रह धरला तर होकार देऊन चष्मा पिशवीत ठेवील. तिला पांढऱ्या, पारदर्शक काचेचा, पॉली कार्बोनेटचा यूव्ही ४०० चष्मा द्यावा. दिसण्यात तो साध्या नंबरच्या चष्म्यासारखा असतो, चौकट थोडी मोठी घेतली की कडाही बऱ्याच झाकल्या जातात. उन्हात जाताना मात्र याच गुणाचा वर्ग ३ चा, कानशिलापर्यंत वळलेला गॉगल. ज्यांना आधीच नंबर आहे त्यांनी आपल्या काचा यूव्ही ४०० आहेत का, हे चष्मेवाल्याकडील मापकयंत्रावर तपासून घ्यावे, त्यास क्षणभर लागतो. जुन्या खनिज काचांवर भरवसा ठेवू नये.

असे रुग्ण बहुधा इतरत्रही औषधे घेत असतात. डॉक्सिसायक्लिन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड यांसारखी प्रकाशाची संवेदनशीलता वाढविणारी औषधे चालू आहेत का, याची विचारपूस बाकुची सुरू करण्यापूर्वी अवश्य करावी.

क्रियाकल्पानंतरची दक्षता

तर्पण व पुटपाकानंतर रुग्णाने तेज, वारा, आकाश, आरसा आणि चमकणाऱ्या वस्तू पाहू नयेत, हा सुश्रुतांचा निर्देश आहे. तीक्ष्ण अंजन दिवसा करू नये, कारण स्राव होऊन दुर्बळ झालेली दृष्टी सूर्यप्रकाशात पीडित होते, असे चरक सांगतात. डोळा तेजोमय आहे, त्याला भय कफाचे, मग तेजापासून रक्षण कशाला, अशी शंका तरुण वैद्य कधी कधी काढतात. तिचे उत्तर याच दोन निर्देशांत आहे. प्रत्यक्षात मात्र पंचकर्म केंद्रात तर्पण घेतलेला रुग्ण अर्ध्या तासात भर दुपारी रिक्षा शोधत रस्त्यावर उभा असतो. ज्या केंद्रांत नेत्रतर्पण होते तेथे वर्ग ३ चे, कडा झाकणारे दोन-चार चष्मे ठेवून घरी जाताना रुग्णास द्यावेत किंवा क्रियाकाल संध्याकाळचा ठेवावा. येथे प्रयोजन मुख्यत्वे झगमगाट कमी करण्याचे असल्याने छटा महत्त्वाची. परत आलेला चष्मा साबणाच्या पाण्याने धुऊन, पुसून मगच दुसऱ्यास द्यावा, हे सांगावयास नकोच.

हिमालयातील यात्रांना जाणारे रुग्णही आपला सल्ला घेतात. उंची दर हजार मीटरने वाढली की अतिनील किरण सुमारे १० ते १२ टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ त्यांतील ८० टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के फेकते, यावरून फरक ध्यानात यावा. तेथे किरण खालून येत असल्याने टोपीचा उपयोग तोकडा पडतो. दिवसभर बर्फात उघड्या डोळ्यांनी फिरलेल्यास सहा ते बारा तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी टोचणी, दाह, अश्रुस्राव आणि प्रकाश सहन न होणे ही लक्षणे उद्भवतात. हा पित्तज अभिष्यंद समजून अंजनादी उपचार करू नयेत. अंधाऱ्या खोलीत विश्रांती दिल्यास एक-दोन दिवसांत उपशम होतो, न झाल्यास नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे.

सूर्याकडे थेट पाहण्यासाठी मात्र कोणताही गॉगल चालत नाही. तेजस्वी वस्तूंच्या दर्शनाने होणारा लिंगनाश सुश्रुतांनी अनिमित्त म्हणून वेगळा सांगितला आहे. २ ऑगस्ट २०२७ रोजी पश्चिम भारतातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसेल, त्या आधी दुकानात येणाऱ्या ग्राहकांना हे बजावून सांगावे. ग्रहणाच्या चष्म्यांचे मानक स्वतंत्र आहे.

अयोगाचाही विसर पडू नये. प्रकाश सहन होत नाही म्हणून घरात, दिव्याखालीदेखील गडद चष्मा लावून बसणारे काही रुग्ण असतात. सतत अंधाराची सवय झालेला डोळा उत्तरोत्तर अधिक असहिष्णू होतो. अशांना गॉगल वाढवून देण्याऐवजी प्रकाशासहत्वाचे कारण शोधावे. शुष्काक्षिपाक, अर्धावभेदक, कृष्णमंडलावरील व्रण यांपैकी काही आहे का ते पाहावे.

दुकानातील परीक्षा

औषधालयाच्या मालकांसाठी काही व्यावहारिक सूचना. घाऊक विक्रेत्याकडून माल घेताना आयएसओ १२३१२-१ नुसार केलेल्या चाचणीचा अहवाल मागावा आणि काचेचा वर्ग चौकटीवर किंवा सोबतच्या पत्रकावर छापलेला आहे का, ते पाहावे. नुसती ‘यूव्ही’ लिहिलेली चिकटपट्टी कोणीही लावू शकतो. किंमत हा निकष नव्हे. स्वस्त पॉली कार्बोनेटची काच अतिनील किरण चांगले अडवू शकते, आणि महागड्या गॉगलची किंमत पुष्कळदा चौकटीची व नावाची असते.

गल्ल्यावर नोटा तपासण्याचे यंत्र असेल तर प्राथमिक पारख करता येते. यंत्राच्या जांभळ्या दिव्याखाली नोटेवरील क्रमांक आणि तंतू चमकतात. गॉगलची काच दिवा व नोट यांच्या मध्ये, दिव्याच्या अगदी जवळ धरावी आणि नोटेकडे बाजूने, काचेतून न पाहता पाहावे. काचेतून पाहिल्यास छटेमुळेच चमक मंद दिसते आणि फसगत होते. काच मध्ये असूनही क्रमांक लखलखत राहिला तर तो गॉगल परत करावा. चमक नाहीशी झाली तर पहिली पायरी पार पडली, प्रमाणपत्र मिळाले असे नव्हे. स्वस्त एल.ई.डी. बॅटऱ्यांचा प्रकाश बहुधा ३९५ नॅनोमीटरच्या आसपासचा, दृश्य प्रकाशाला लागून असतो, त्याने निष्कर्ष घोटाळ्याचा निघतो. दिव्याकडे थेट पाहू नये. एकच पारदर्शक पॉली कार्बोनेटची काच आणि एक साधी काच अशी जोडी जवळ ठेवली तर ग्राहकालाही फरक डोळ्यांदेखत दाखविता येतो.

पोलराइज्ड म्हणून आलेले दोन गॉगल एकावर एक धरून एक काटकोनात फिरवावा, प्रकाश जवळजवळ बंद झाला तर दोन्ही खरे. काचेचा सपाटपणा पाहण्यासाठी गॉगल हातभर दूर धरून दाराच्या चौकटीची उभी रेघ त्यातून पाहावी व हात हळूहळू सरकवावा, रेघ नागमोडी झाली तर त्या काचेने डोकेदुखी होणार.

चिठ्ठीवर ‘गॉगल वापरणे’ एवढेच न लिहिता ‘यूव्ही ४००, वर्ग ३, राखी किंवा भुरा, कडा झाकणारा’ असे लिहावे. बाकुचीच्या रुग्णासाठी त्याखाली ‘घरात पारदर्शक यूव्ही ४००’ अशी ओळ जोडावी. आणि विक्रेत्यांनी स्टँड दुकानाच्या आत ठेवावा, कारण बाहेर दिवसभर तापणाऱ्या उन्हात काचेवरील लेप आणि पोलराइज्ड पापुद्रा सुटू लागतो.